सहा महिन्यांचे पैसे आधी भरू नका : भावाच्या दारूच्या उपचाराबद्दल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाऊ ३६ वर्षांचा, इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला, बरीच वर्षं रोज पितो आणि आता सकाळी उठल्याउठल्या घेतल्याशिवाय हाताची थरथर थांबत नाही. कुणीतरी एका केंद्राचा नंबर दिला, ते म्हणतात महिना १५ हजार, सहा महिन्यांचे ९० हजार आधी भरा, आम्ही गाडी पाठवतो, चार माणसं येतील, तुम्ही फक्त सही करा, पहिले दोन महिने भेट नाही आणि फोनही नाही. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवायचा विचार चाललाय. तुम्ही पुण्यात नोकरी करता, वहिनी आणि लहान मुलगी तिकडे आहेत. तुमचं विचारणं असं की हे केंद्र बरोबर आहे का, याहून स्वस्त कुठे मिळेल आणि तुमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये हे बसेल का.

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, आधी सरकारी हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात आणि नंतर व्यसनमुक्तीच्या कामात, मिळून वीसेक वर्षं हेच करतेय. पाटल्या सध्या कपाटातच राहू द्या. पैसे लागणार आहेत, पण तुम्ही समजताय त्या ठिकाणी आणि एकदम नाही लागणार. तुम्ही विचारताय कुठलं केंद्र, पण त्याच्या आधीचा प्रश्न असा आहे की त्याला आत्ता या आठवड्यात काय हवंय आणि पुढचं वर्षभर काय हवंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे खर्च वेगळे आहेत, आणि घरच्यांचे सगळे पैसे बहुतेक वेळा या दोन्हींच्या मधल्या ॲडमिशनवर संपतात.

आधी आत्ताचं. सकाळी थरथर आणि घेतल्यावर ती थांबते याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाची दारू अचानक बंद झाली तर सहा-आठ तासांत घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, त्याला आम्ही डीटी म्हणतो, आणि त्यात वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. मी वॉर्डात असताना असाच एक मागावरचा कामगार होता, पाय मोडला म्हणून हाडांच्या विभागात ॲडमिट झाला होता, घरच्यांनी दारूचं सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या रात्री तो बेडवर उठून बसला आणि दोन्ही हातांनी हवेत तुटलेला धागा धरून गाठ मारायला लागला, गाठ मारली की पुढचा धागा शोधायचा, परत गाठ, अंगात ताप, घामाने चादर ओली, नर्सला जॉबर म्हणजे मागाचा मुकादम समजून सांगतोय की माग थांबवू नका मी जोडतोय. डीटीमध्ये असं होतं, माणूस आपलं रोजचं काम करत बसतो, ड्रायव्हर असेल तर स्टिअरिंग फिरवतो. तो वाचला कारण तो हॉस्पिटलमध्ये होता आणि रात्रीच्या डॉक्टरने ओळखलं. आता हाच माणूस कुठल्यातरी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये असता, जिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा चक्कर मारतो, तर काय झालं असतं याचा विचार करा.

म्हणून पहिली गोष्ट, डॉक्टरला दाखवेपर्यंत त्याला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करू नका, शपथ घालूनही नाही. आणि आधी कधी फिट आली असेल, कावीळ झाली असेल, रक्ताची उलटी झाली असेल किंवा दारूबरोबर झोपेच्या गोळ्या खात असेल तर वाटच बघू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या. बडबड, भास, ताप, दिवस-रात्र न कळणं यातलं काहीही दिसलं तर ती इमर्जन्सी आहे.

हा पहिला टप्पा, ज्याला डिटॉक्स म्हणतात, साधारण आठवडा ते दहा दिवसांचा असतो. त्यात लोराझेपाम किंवा लिब्रियमसारखी गोळी आधी जास्त आणि मग कमी कमी करत देतात, बी-वन म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात, पाणी-क्षार आणि लिव्हर बघतात. ही सगळी स्वस्त आणि जुनी औषधं आहेत, यासाठी ९० हजारांचं काही लागत नाही, लागतो तो डॉक्टर आणि रात्री जागं असणारं कुणीतरी. तुम्हाला जवळचं म्हणजे कोल्हापूरचं सीपीआर (तेही मेडिकल कॉलेजचंच हॉस्पिटल) किंवा मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. एक बारकावा सांगते, महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या हॉस्पिटलांमध्ये उपचार मोफत आहेत, पण मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात त्यामुळे तिथे केसपेपर, तपासण्या याचे थोडे पैसे लागतात. थोडेच. घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर तेही न्या, आणि तिथे आरोग्यमित्राचा काउंटर असतो, ॲडमिट व्हायच्या आधी त्यांना विचारा की महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मानमध्ये या आजाराचं, किंवा लिव्हरचं काही निघालं तर त्याचं, पॅकेज या हॉस्पिटलला लागू आहे का. आधी विचारा, डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग होत नाही.

सगळ्यांनाच ॲडमिट व्हावं लागतं असं नाही हेही सांगते. ज्याला फिटचा इतिहास नाही, घरात लक्ष ठेवणारं माणूस आहे आणि जो रोज किंवा एक दिवसाआड दाखवायला येऊ शकतो त्याचा डिटॉक्स ओपीडीतूनही होतो. तुमच्या भावाचं सकाळच्या पिण्यावरून मला ॲडमिशन लागेल असं वाटतं, पण ते तपासून डॉक्टरने ठरवायचं, मी इथून नाही आणि फोनवर बोलणारा तो केंद्राचा माणूस तर नाहीच नाही.

आता त्या केंद्राबद्दल. नाव तुम्ही दिलेलं नाही आणि द्यायची गरजही नाही कारण या पद्धतीने चालणारी बरीच आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास येतात, त्यामुळे अशा पेशंटला ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. पेशंटच्या मनाविरुद्ध दाखल करायचं असेल तर त्याला नियम आहेत, त्याच्या प्रतिनिधीने अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक सायकियाट्रिस्ट, स्वतंत्रपणे तपासून आजार इतका गंभीर आहे, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे किंवा स्वतःची काळजी घेता येत नाही असं लिहायचं, आणि तेही जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी, पुढे वाढवायचं तर परत तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगी. बहिणीच्या एका सहीवर सहा महिने हे कायद्यात कुठेच बसत नाही. साखळीने बांधायला मनाई आहे. पेशंटला फोन करायचा, घरच्यांना भेटायचा हक्क आहे. दोन महिने भेट नाही म्हणतात तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की दोन महिने काय दिसू नये असं वाटतंय यांना?

आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझा अनुभव असा की उचलून नेलेला माणूस आत शहाण्यासारखा वागतो, बाहेर आला की पहिला राग बहिणीवर आणि बायकोवर काढतो, आणि त्याच रागाच्या नावाखाली पितो. पुढच्या वेळी खरोखर उपचार घ्यायची वेळ येते तेव्हा तो कुणावरच विश्वास ठेवत नाही. अपवाद असतात, जबरदस्तीने येऊन नंतर मनापासून थांबलेले लोक मी पाहिलेत, पण ते जिथे आत माणसासारखं वागवलं गेलं तिथलेच.

तुम्हाला कुठलंही खासगी केंद्र बघायचंच असेल तर स्वतः जा, न कळवता जा. नोंदणीचं सर्टिफिकेट बघायला मागा. डॉक्टर कुठले आणि रात्री कोण असतं ते विचारा. स्वयंपाकघर बघा, संडास बघा, पेशंट झोपतात ती खोली बघा, आणि एखाद्या पेशंटशी स्टाफ बाजूला नसताना पाच मिनिटं बोलायला मागा. यातल्या कशालाही नाही म्हणाले तर परत फिरा. दर लेखी घ्या, औषधं आणि तपासण्या त्यात आहेत की वेगळ्या ते लिहून घ्या, मधेच सोडून आला तर किती परत मिळणार ते लिहून घ्या, महिन्याच्या महिन्याला भरा आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. आणि ज्याने तुम्हाला नंबर दिला त्याला कमिशन मिळतं का हे सरळ विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतं.

लोक अशा ठिकाणी का जातात हे मला कळतं. केंद्र सरकारने एम्सकडून देशभर जे सर्वेक्षण करून घेतलं आणि २०१९ ला जाहीर केलं त्यात असं निघालं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं सांगता आलं, आणि ॲडमिट होऊन उपचार मिळालेला १८० मागे एक. एवढी मोठी पोकळी असेल तर तिथे गाडी पाठवणारे लोक येणारच. त्यामुळे योग्य जागा सापडत नाही हा तुमचा दोष समजू नका.

मग चांगल्या जागा कुठल्या. तुम्ही पुण्यात आहात तर मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र तुम्हाला माहीत असेलच, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं, तिथला निवासी कार्यक्रम साधारण पाच आठवड्यांचा असतो, पेशंटने स्वतः तयार होऊन यावं यावर भर असतो आणि घरच्यांनाही त्यात घेतात. (बायकांसाठी तिथे निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, हे मुद्दाम लिहितेय कारण पिणाऱ्या बायकांच्या घरचे विचारायलाच लाजतात.) याशिवाय केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर संस्था चालवतात ती व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, सरकारी कागदावर त्यांना आयआरसीए म्हणतात, तिथे पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. जवळचं कुठलं ते १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारा. मन मोकळं करायला किंवा सायकियाट्रिस्टचा सल्ला कुठे मिळेल हे विचारायला टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, वहिनींनाही हा नंबर द्या. आणि ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आलीच तर धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के बेड निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात, उत्पन्नाचा दाखला लागतो, तिथल्या सोशल वर्करला भेटा, बिलिंग काउंटरवर वाद घालून काही होत नाही.

मेडिक्लेमचं. यात मला तुमची निराशा करावी लागणार. एक तर कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत नवरा-बायको, मुलं, फार तर आईवडील असतात, भाऊ बहुतेक नसतोच. दुसरं म्हणजे कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे हे खरं, पण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या ठराविक वगळण्यांच्या यादीत दारू, ड्रग्ज आणि कुठल्याही व्यसनाचा उपचार आणि त्याचे परिणाम असं कलम आहे, आणि बहुतेक कंपन्या ते घालतात. म्हणजे नुसता डिटॉक्सच नाही तर उद्या लिव्हरचं बिल आलं तरी दारूमुळे म्हणून नाकारू शकतात. काही ग्रुप पॉलिसीत हे कलम काढलेलं असतं, म्हणून कुणाचं नाव पॉलिसीत असेल तर एचआरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. भावाच्या कारखान्यात ईएसआयसी म्हणजे कामगार राज्य विमा कापतात का तेही बघा, मागाच्या छोट्या शेडमध्ये सहसा नसतं पण मोठ्या युनिटमध्ये असतं, आणि असेल तर उपचार त्यातून होऊ शकतात.

इथे एक कळकळीने सांगते. क्लेम मिळावा म्हणून डॉक्टरांना सांगू नका की दारूचं लिहू नका, आणि स्वतःही लपवू नका. वर सांगितलेला तो गाठी मारणारा माणूस तसाच गोत्यात आला होता. रोज किती, सकाळी घेतो का, शेवटची कधी घेतली, एवढं खरं सांगितलं की डॉक्टर पहिल्या दिवसापासून औषध चालू करतात.

आता तो यायला तयार होईल का हा तुम्ही न विचारलेला पण खरा प्रश्न. प्यायलेला असताना बोलू नका. सकाळी थोडा सावरलेला असताना, वहिनींनी नाही तर तुम्ही किंवा तो ज्याचं ऐकतो त्या माणसाने बोलायचं, आणि आयुष्यभराची दारू सोड असं नाही, तर थरथरीवर औषध मिळतं, चल रक्त तपासून येऊ, एवढंच. थरथरीचा त्रास त्यालाही होतोय, त्या दाराने तो येतो. आला नाही तर आठवड्याने परत. मधल्या काळात त्याची गुत्त्यावरची उधारी फेडणं आणि मालकाला ताप आलाय म्हणून खोटं सांगणं हे दोन्ही थांबवा, भांडण न करता. जेवणात मिसळून द्यायची दारू सोडवणारी पावडर कुणी सुचवली तर अजिबात नको, त्यात बऱ्याचदा डायसल्फिरॅम असतं, ते पोटात असताना माणूस प्यायला तर बीपी एकदम पडून जिवावर बेतू शकतं. तेच औषध त्याच्या संमतीने, लिव्हर तपासून, बायकोच्या हाताने रोज सकाळी घेतलं तर कित्येकांना त्याचा चांगला आधार होतो, सगळा फरक त्याला माहीत असण्यात आहे.

आणि दारूबरोबर गांजा, एमडी पावडर असली दुसरी नशाही असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या ६४-अ कलमात स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात, संरक्षण दिलेलं आहे.

आता वर्षभराचं, आणि पैसे खरे इथे लागतात. डिस्चार्जनंतरचे पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. रोजगार बुडालेला असतो, बचत गटाचा हप्ता थकलेला असतो, किराणा उधारीवर असतो, आणि मग माणूस आठव्या दिवशी रात्रपाळीला परत जातो जिथे सगळे पिणारे असतात. तुमच्याकडे जे १५-२० हजार जमतील ते मी असे वापरेन : दोन-तीन महिन्यांचा घरखर्च म्हणून वहिनींच्या खात्यात थोडे थोडे, नंतरची, दारूची ओढ कमी करणारी औषधं म्हणजे नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट किंवा डॉक्टर जे देतील ते, आणि दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला फॉलोअपला जायचं एसटीचं भाडं. फॉलोअप चुकतो तो बहुतेक वेळा त्या भाड्यामुळे आणि बुडणाऱ्या खाड्यामुळे, इच्छा नाही म्हणून नव्हे. शक्य असेल तर दिवसपाळी मिळावी म्हणून मालकाशी बोला, आणि पगार पहिले काही महिने वहिनींच्या हातात यावा हे भावाशी आधी ठरवून, त्याच्या मागे नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांचा गट, त्याच्या मीटिंगला फी नसते, कोल्हापूर-सांगली भागातली जवळची मीटिंग शोधून पहिल्या वेळी कुणीतरी सोबत जा, तिथे त्याच्यासारखाच थांबलेला माणूस भेटतो आणि ते माझ्या काउन्सेलिंगने होत नाही असं काम करतं. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, तेही मोफत.

परत प्यायला तर? होऊ शकतं, पहिल्या वर्षात बऱ्याच जणांचं होतं. ज्या घरांनी सगळे पैसे एका ॲडमिशनला लावले त्यांच्यासाठी तो दिवस सगळं संपल्याचा असतो, सोनंही गेलं आणि माणूसही तसाच. ज्यांनी हातात थोडं राखलं ते दुसऱ्या दिवशी परत ओपीडीत घेऊन येतात, औषध बदलतं, आठवडा वाया जातो, वर्ष नाही. पैशांबाबत माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. आणि खरंच गहाण ठेवायची वेळ आलीच, लिव्हरचं काही मोठं निघालं वगैरे, तर सावकाराकडे नको, बँकेचं गोल्ड लोन घ्या, त्याचं व्याज बरंच कमी असतं आणि पाटल्या परत मिळतात.

तुम्ही रजा काढून जाणार असाल तर आठवड्याच्या सुरुवातीला जा म्हणजे ॲडमिट करावं लागलं तर पहिले तीन-चार दिवस वॉर्डात सगळा स्टाफ असतो. ओपीडी सकाळची, लवकर पोचा. आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट आणि तो खातो त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या असतील तर त्यांचीही, बरोबर घ्या. सकाळची न घेता इतका वेळ थांबणं त्याला जमणार नाही, थोडी घेऊन आला तर तसाच आणा, डॉक्टरांना किती वाजता आणि किती घेतली ते सांगा, आणि त्यावरून रस्त्यात त्याच्याशी भांडू नका. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, पुढचं त्याप्रमाणे सांगते.